‘पब्लिक’ म्हणजे नेमके कोण? महाड, काळाराम आणि एका शब्दाची लढाई

‘पब्लिक’ हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला किती ‘पब्लिक’ होती याची चर्चा नाशिकमध्ये दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर होते. चोर सापडला की त्याला ‘पब्लिक’ चोप देते. सिनेमा ‘पब्लिक’ला आवडतो किंवा पडतो. फेसबुकवर पोस्ट टाकताना ती ‘पब्लिक’ ठेवायची की फक्त मित्रांपुरती, हे आपण ठरवतो. कोर्टात ‘पब्लिक प्रोसिक्युटर’ असतो, नोकरीसाठी ‘पब्लिक सर्व्हिस कमिशन’ असते आणि देवस्थानाचा ‘पब्लिक ट्रस्ट’ असतो. ‘पब्लिक लिमिटेड’ कंपनी असते, पण तिचे मालक भागधारक असतात. ‘पब्लिक स्कूल’ची पाटी आपल्याकडे बहुधा अशा शाळेवर दिसते, जिची फी ऐकून आपल्या वस्तीतला माणूस फाटकातूनच परत फिरतो.

एकच शब्द कुठे गर्दी, कुठे सरकार, कुठे उघडेपणा, तर कुठे चक्क खासगी धंदा असे अर्थ घेऊन वावरतो. भाषेच्या अभ्यासकाला यात गंमत वाटेल. आम्हाला मात्र या शब्दाकडे गंमत म्हणून पाहता येत नाही. गेल्या शंभर वर्षांत आपल्या समाजाने पाणी, मंदिर, जमीन, नोकरी आणि अब्रू यांसाठी ज्या लढाया लढल्या, त्यांतल्या बहुतेक शेवटी याच शब्दापाशी येऊन अडल्या. ‘तुम्हाला हक्क नाही’ असे समोरच्याने कायद्याच्या कागदावर क्वचितच म्हटले. त्याचे म्हणणे असायचे, ‘हक्क आहे, पण ही जागा पब्लिक नाही.’

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे: ‘पब्लिक’ शब्दाची हद्द जो आखतो, हक्काची हद्दही तोच आखतो. ही हद्द कशी सरकवली जाते, हे इतिहासातून समजून घेतले पाहिजे.

शब्दाचा जन्म आणि त्यातली खोच

‘पब्लिक’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘पब्लिकस’वरून आला. त्याच्या मागे ‘पॉप्युलस’, म्हणजे लोक, हा शब्द आहे. ‘रिपब्लिक’ हाही त्याच कुळातला. ‘रेस पब्लिका’ म्हणजे लोकांची गोष्ट, लोकांच्या मालकीचा कारभार. आपल्या ‘रिपब्लिकन’ पक्षाच्या नावात हाच ‘पब्लिक’ बसलेला आहे, हे किती कार्यकर्त्यांच्या लक्षात येते? याउलट ‘प्रायव्हेट’ या शब्दाचे मूळ वेगळे काढण्यात, हिरावून घेण्यात आहे. म्हणजे शब्दाच्या मुळातच सांगितले आहे की जे सर्वांचे होते, त्यातून काढून घेतलेले ते खासगी.

पण रोममध्ये ‘लोक’ म्हणजे तरी कोण? गुलाम त्या लोकांत नव्हते. स्त्रियांना मत नव्हते. शब्द सर्वांचा आणि मोजणी निवडक लोकांची, ही खोच तेव्हापासूनची आहे. इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे ईटनसारखी श्रीमंतांची शाळा. ती ‘पब्लिक’ का? तर एका गावापुरती किंवा एका पंथापुरती ती मर्यादित नव्हती, पैसे मोजेल त्या कुणालाही खुली होती. अमेरिकेत मात्र ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सरकारी खर्चाची मोफत शाळा. आपल्याकडच्या संस्थाचालकांनी शब्दाचा इंग्लंडी अर्थ उचलला आणि अमेरिकी अर्थ सोडून दिला.

मराठीत याला ‘सार्वजनिक’ हा शब्द मिळाला आणि त्याच्यावरही तशीच ओढाताण झाली. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. १८९३ पासून ‘सार्वजनिक’ गणेशोत्सवाचा गाजावाजा सुरू झाला. या दोन्हींत ‘सर्व’ म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको. महात्मा जोतीराव फुले यांच्या अखेरच्या ग्रंथाचे नाव आहे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. तो त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्यासाहेबांचा ‘सार्वजनिक’ कुणाला वगळून झालेला नव्हता, त्यात सर्व स्त्री-पुरुष होते.

आणि हे त्यांनी आधी करून दाखवले होते. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद त्यांचा स्वतःचा होता. तो बंद ठेवला असता तर कोणताही कायदा त्यांना विचारायला आला नसता. एका माणसाने आपली खासगी वस्तू सार्वजनिक केली. त्यानंतर साठ वर्षांनी महाडात काय घडले? सार्वजनिक तळे खासगी ठरवण्यासाठी लोक कोर्टात गेले.

महाड: तळे अचानक ‘खासगी’ कसे झाले?

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा आणि त्याचबरोबर सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला सरकारने तसा आदेश काढला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे सुरळीत होते. तळ्यावर जायला मात्र कोणी धजत नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. पुढचा हल्ला, पुढचे ‘शुद्धीकरण’ आपल्याला पाठ आहे. पण त्यानंतरची कायद्याची बाजू आपण फारशी सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. दाव्यातले म्हणणे असे की हे तळे आमच्या मालकीचे आहे, ते ‘चौधरी तळे’ आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आम्हाला आहे. नगरपालिकेच्या हद्दीतले तळे, जे मुसलमानही वापरत होते, ते आपले लोक काठावर आल्याबरोबर खासगी झाले!

१४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. म्हणूनच २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळायला जमलेल्या हजारो लोकांना घेऊन बाबासाहेब तळ्यात उतरले नाहीत. कोर्टाचा हुकूम त्यांनी पाळला आणि मग तोच हुकूम कोर्टात लढून उठवला. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो उठला. मूळ दावा पुढे चालतच राहिला. तळे नगरपालिकेचेच आहे हे कोर्टात ठरले, तेव्हा सवर्णांचा दुसरा युक्तिवाद उरला: मालकी नसली तरी अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन रूढी आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी अशी पुरातन रूढी सिद्ध होत नाही म्हणून अपील फेटाळले. ओंजळभर पाणी कोर्टात ‘पब्लिक’ ठरायला दहा वर्षे लागली.

या खटल्यातून डाव ओळखायला शिकले पाहिजे. आधी म्हणायचे, ‘ही जागा पब्लिक नाही.’ ते टिकले नाही की म्हणायचे, ‘पब्लिक आहे, पण त्या पब्लिकमध्ये तुम्ही नाही.’ पुढच्या शंभर वर्षांत हे दोनच डाव आलटून पालटून खेळले गेले.

नाशिक: उघडण्यापेक्षा सर्वांना बंद

महाडचा खटला चालू असतानाच लढाई नाशिकला आली. बोले ठराव पुन्हा नीट वाचा. त्यात विहीर आहे, धर्मशाळा आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. मंदिर नाही. महाडात आपल्या हातात सरकारी ठराव तरी होता. काळाराम मंदिरापुढे उभे राहणाऱ्यांच्या हातात तोही नव्हता. म्हणून नाशिकचा सत्याग्रह जास्त अवघड होता. सरकारने मान्य केलेल्या ‘पब्लिक’च्या बाहेर जाऊन तो ‘पब्लिक’चा अर्थच रुंद करू पाहत होता.

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये परिषद झाली आणि सुमारे पंधरा हजारांची, मैलभर लांब मिरवणूक मंदिराकडे निघाली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्या साथीदारांनी हा लढा गावोगाव फिरून उभा केला होता. मिरवणूक पोचली तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाची पहिली तुकडी चारही दरवाजांवर जाऊन बसली. त्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या.

त्यापुढची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दरवाजे फक्त आपल्यासाठी बंद राहिले नाहीत, सवर्ण भाविकांसाठीही बंद राहिले. म्हणजे देव सर्वांना दिसण्यापेक्षा कुणालाच दिसला नाही तरी चालेल! सर्वांत वाटून घेण्याची वेळ आली की सार्वजनिक गोष्ट बंदच करून टाकायची, हा तिसरा डाव नाशिकने दाखवला.

हा डाव फक्त आपल्या देशातला नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराला कोर्टाने सांगितले की सार्वजनिक सोयींत काळे आणि गोरे वेगळे ठेवता येणार नाहीत. शहराने काय केले? पोहण्याचे सार्वजनिक तलाव बंद करून टाकले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव सर्वांनाच बंद असल्यामुळे यात भेदभाव नाही. ज्यांच्या पॅंथरचे नाव आपल्या पॅंथरने घेतले, त्या काळ्या बांधवांच्या वाट्यालाही हाच बंद दरवाजा आला होता.

९ एप्रिल १९३० हा रामनवमीच्या उत्सवातला रथाचा दिवस होता. त्या दिवशी रथ निघतो. मंदिराबाबत वाद घालता येईल, पण रस्ता तर सर्वांचा ना? दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले. प्रत्यक्षात आपल्या लोकांचा हात लागण्याआधीच सवर्णांनी रथ पळवला आणि अरुंद बोळात नेला. पोलिसांचे कडे तोडून आत घुसणाऱ्या कद्रेकर नावाच्या तरुणाची हकीकत नाशिकच्या जुन्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. डांबरी असो की मातीचा, रस्ता कायद्याने सर्वांचा होता. पण रथाची दोरी धरणारे हात ठरवण्याची वेळ आली तेव्हा रस्त्याचाही ‘पब्लिक’पणा संपला.

काही तरुण आम्हाला विचारतात, ‘आपण तो धर्मच सोडला, मग मंदिराचा विषय कशाला?’ प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतः दिले आहे. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी म्हणून तो होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. काळारामाच्या दाराशी जे मागितले ते दर्शन नव्हते. ‘सर्व’ या शब्दात आमची गणती करा, ही ती मागणी होती. ती गणती होत नाही हे पाच वर्षांत सिद्ध झाले, तेव्हा बाबासाहेबांनी दार ठोठावणे थांबवले.

संविधान: पळवाटा बुजवणारा माणूस

ज्या माणसाने ‘पब्लिक’ शब्दाच्या पळवाटा कोर्टात दहा वर्षे सोसल्या, तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. अनुच्छेद १५(२) त्या दृष्टीने वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेशाला अडवता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराची ठिकाणे वापरण्यासही अडवता येणार नाही. यात चवदार तळे दिसते, गोदावरीचा घाट दिसतो, रथाचा रस्ताही दिसतो.

आता शब्दांची बांधणी बघा. ही ठिकाणे राज्याच्या पैशातून ‘पूर्णतः किंवा अंशतः’ चालणारी असोत, ‘किंवा’ जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेली असोत. म्हणजे ‘सरकारने फक्त दुरुस्तीला थोडे पैसे दिले’ ही पळवाट बंद. ‘आमच्या आजोबांनी बांधले, सरकारचा एक पैसा नाही’ हीही बंद, कारण आजोबांनी ते लोकांना अर्पण केले होते. आणि ‘दुकान’ ही तर सरळसरळ खासगी मालमत्ता आहे, तीही यात आली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर प्रश्न आले, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, जिथे जिथे सेवा दिली जाते ते सगळे त्यात येते. न्हाव्याने आपल्या माणसाची दाढी करायला नकार देणे हे आता त्याचे ‘खासगी’ मत राहिले नाही.

मंदिरांसाठी अनुच्छेद २५(२)(ब) मध्ये ‘सार्वजनिक स्वरूपाच्या’ हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची तरतूद आली. लगेच पहिला डाव टाकला गेला. मंगळूरजवळच्या मुल्की इथल्या वेंकटरमण मंदिराच्या विश्वस्तांनी म्हटले, हे मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे खासगी आहे. ते टिकेना तेव्हा दुसरा डाव आला: सार्वजनिक असले तरी ते फक्त आमच्या पंथाच्या ‘पब्लिक’साठी आहे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पंथाचे मंदिर असले तरी ते सार्वजनिक संस्थेत मोडते आणि सर्वांच्या प्रवेशाचा हक्क पंथाच्या हक्कापेक्षा वरचढ आहे. काही खास विधी मात्र पंथीयांपुरते ठेवायला मुभा मिळाली. महाडचे दोन्ही डाव तीस वर्षांनी, नव्या प्रजासत्ताकात, जसेच्या तसे पुन्हा खेळले गेले.

जमीन आणि नोकरी: शब्द उलटा फिरतो तेव्हा

काळारामचा सत्याग्रह ज्यांनी उभा केला त्या दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांनंतर जमिनीचा प्रश्न हाती घेतला. १९५९ मध्ये आणि नंतर ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह केला. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती. देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा हा माणूस आधी पाण्याच्या आणि देवळाच्या ‘पब्लिक’साठी लढला, मग जमिनीच्या ‘पब्लिक’साठी. दोन्ही लढायांत सवाल एकच होता: सर्वांच्या मालकीचे जे आहे, त्यात आमचा वाटा कुठे?

आज गायरानाचे काय चालले आहे ते पाहा. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाला नोटीस येते, तेव्हा तिच्यात ‘सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमण’ असे लिहिलेले असते. ज्याला कधी ‘सार्वजनिक’मध्ये धरले नाही, त्याच्याच विरुद्ध तो शब्द वापरला जातो. आणि एखाद्या प्रकल्पाला तीच जमीन द्यायची असली की ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्द पुढे येतो. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल अनेकदा दाखवला जातो. पण त्याच निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद लिहिलेला आहे, हे कोणी सांगत नाही.

नोकरीचेही तसेच आहे. अनुच्छेद १६ मधली संधीची समानता आणि आरक्षण ‘पब्लिक’ नोकरीसाठी, म्हणजे राज्याच्या अधिकारातल्या नोकरीसाठी आहे. नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना यांच्यामुळे या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पहिला कायम पगार आला. मुलांची शिक्षणे त्या पगारावर झाली. हे आरक्षण रद्द करण्याची हिंमत आज उघडपणे कोणी करत नाही. पण काम तेच ठेवून ते ठेकेदाराकडे दिले की बिंदुनामावली आपोआप गळून पडते. महाराष्ट्र सरकारने ६ सप्टेंबर २०२३ रोजी खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो निर्णय गेला, पण पद्धत गेलेली नाही. चवदार तळ्याचे ‘चौधरी तळे’ करण्याचाच हा आजचा प्रकार आहे.

‘लोकांच्या नजरेसमोर’ म्हणजे कुठे?

आणि शेवटी अब्रूचा प्रश्न. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ हा गुन्हा ठरायला तो ‘पब्लिक व्ह्यू’मध्ये, म्हणजे लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. आज ही तरतूद कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये आहे. ‘पब्लिक प्लेस’ आणि ‘पब्लिक व्ह्यू’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २००८ च्या स्वरण सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. जागा खासगी असली तरी ती रस्त्यावरून दिसत असेल, किंवा तिथे बाहेरचे लोक हजर असतील, तर ती लोकांच्या नजरेसमोरची जागा ठरू शकते. त्या प्रकरणात फाटकाजवळ उभ्या असलेल्या गाडीपाशी घडलेली शिवीगाळ यात धरली गेली.

२०२० च्या हितेश वर्मा निकालात घराच्या चार भिंतींआड, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ यात बसत नाही असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सरकारी कचेरीतल्या दालनाबद्दलही तसाच निकाल आला, कारण सहकारी आत आले ते घटनेनंतर. सरकारी कचेरी ‘पब्लिक ऑफिस’ आहे, पण तिथली शिवी ‘पब्लिक व्ह्यू’मध्ये नाही! निकालावर आम्ही टीका करू शकतो आणि करतो. बंद दाराआड झालेला अपमान कमी जळजळीत नसतो. आपल्यावरचे कितीतरी अपमान बंद दाराआडच होतात, कारण करणाऱ्यालाही कायदा कळतो. पण टीका करून केस टिकत नाही. कायद्याचा शब्द माहीत असेल तरच ती टिकते.

मग कार्यकर्त्याने काय करायचे?

मित्रांनो, ‘हक्क मिळालाच पाहिजे’ ही घोषणा आवश्यक आहे, पण तिच्या आधी कागद पाहिजे. अत्याचाराची फिर्याद लिहून घेताना जागा कशी होती, ती रस्त्यावरून दिसत होती का, त्या वेळी कोण कोण हजर होते, हे पहिल्याच जबाबात आले पाहिजे. नंतर घातलेल्या साक्षीदाराला कोर्ट विचारत नाही. मारहाण, धमकी यांसारखे परिशिष्टातले गुन्हे असतील तर कलम ३(२)(व्ही ए) लावायला सांगा, त्याला ‘पब्लिक व्ह्यू’ची अट नाही.

देवस्थान, स्मशानभूमी, समाजमंदिर यावर वाद असेल तर ती जागा कोणाच्या नावावर आहे हे ग्रामपंचायतीच्या आणि धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत बघा. गायरान कसणाऱ्याचे नाव गाव नमुना १-ई या अतिक्रमण नोंदवहीत आहे का, १४ एप्रिल १९९० पूर्वीचा कब्जा दाखवणारा काही पुरावा आहे का, हे नोटीस यायच्या आधी तपासा. जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायला दहा रुपये लागतात. महाडच्या वेळी बाबासाहेबांनी नगरपालिकेचे कागद उपसले नसते तर ते तळे आजही ‘चौधरी तळे’ म्हणून ओळखले गेले असते.

आणि कोणी तुम्हाला सांगितले की ‘ही जागा पब्लिक नाही’, तर तिथेच तीन प्रश्न विचारा. कोणत्या कागदाने नाही? तुम्ही यायच्या आदल्या दिवसापर्यंत ती कशी होती? आणि ती सर्वांना बंद केली, तर त्यात खरे नुकसान कोणाचे आहे? महाड, मुल्की आणि नाशिक यांनी हेच तीन प्रश्न आपल्याला शिकवले.

‘रिपब्लिक’ हा शब्द आपण पक्षाच्या नावात घेतला, झेंड्यावर मिरवला आणि गटागटांत वाटून टाकला. ज्याचा अर्थच ‘सर्वांचे’ असा आहे, तो शब्द ‘माझा गट’ आणि ‘तुझा गट’ असा खासगी करण्याचे काम कोणा मनुवाद्याने केले नाही, ते आपणच केले. दुसऱ्याने बळकावलेले तळे कोर्टातून परत मिळवता येते. आपणच आपल्यातून वाटून घेतलेला शब्द परत एकत्र करायला मात्र कोणतेही कोर्ट नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल, आणि दादासाहेबांच्या नाशिकने त्यात पुढे असायला हवे.

जय भीम!